बंदुकीचा ब्रेक आणि कासमचाचांचा डावा कान

बंदुकीच्या तोंडाशी काय बसवावं, यावर कुवेतमध्ये माझं मत विचारलं जातं. मी अजून तिशीचा नाही. निवृत्तीला खूप अवकाश आहे आणि दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी सांगाव्यात इतकी नोकरीही झालेली नाही. तरी लिहितोय, कारण माझ्या त्या मतामुळे एका माणसाचा कान गेला आणि पुढे माझ्याच एका कागदामुळे त्याची नोकरी गेली. दोन्ही वेळा माझा हेतू चांगला होता. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी माझी पाठ थोपटायला नको.

मी नेमबाजीच्या एका मैदानात कामाला आहे. नाव लिहीत नाही, नोकरी चालू आहे. बंदुका मैदानाच्याच, रात्री कुलुपात. गिऱ्हाईक येतं, कागदपत्रं दाखवतं, तासभर कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडतं आणि चहा पिऊन घरी जातं. मी आतल्या काउंटरवर बसतो, बंदुकांची देखभाल बघतो, त्यांना लागणारं सामान मागवतो. गावाकडे आई सांगते, "मुलगा खेळाच्या सामानाच्या दुकानात आहे." आईचं फारसं चुकत नाही.

आता ब्रेक म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या खाडीत होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरते. गोळी पुढे गेली की बंदूक तशीच मागे येते आणि खांद्यात बसते. शिवाय तोंड वर उचललं जातं, त्यामुळे दुसरी गोळी लक्ष्याच्या वर जाते. आखूड नळीच्या रायफलीत आणखी एक भानगड असते. नळी तोकडी, त्यामुळे गोळी बाहेर पडते तेव्हा आतली दारू पुरती जळलेली नसते. उरलेली नळीच्या तोंडाशीच जळते. जाळ मोठा, आवाज त्याहून मोठा.

यावर तोंडाशी फिरवून बसवायच्या तीन तऱ्हेच्या नळकांड्या मिळतात. ब्रेकला बाजूंनी खाचा असतात. त्यातून वायू दोन्ही अंगांना आणि थोडा मागे फेकला जातो. त्यामुळे बंदूक पुढे ओढली जाते आणि खांद्याला धक्का जाणवत नाही. कॉम्पेन्सेटरला भोकं वरच्या अंगाला असतात, तो बंदुकीचं तोंड खाली दाबून धरतो. तिसरा असतो नुसता पेला. तो धक्का कमी करत नाही, तोंडही धरत नाही, फक्त जाळ-आवाज पुढे ढकलतो. गिऱ्हाइकाला तो आवडत नाही. त्यात गिऱ्हाइकाला काही मिळतच नाही.

आमच्या मैदानावर चार आखूड रायफली आल्या तेव्हा मॅनेजरने तिन्ही नळकांड्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "तू ठरव." मी तीन दिवस प्रत्येक नळकांडीवर शंभर शंभर गोळ्या झाडल्या आणि कागदावरच्या भोकांची अंतरं पट्टीने मोजली. मग इंग्रजीत एक पानभर शिफारस लिहिली: ब्रेक. नवशिक्याचा खांदा दुखत नाही, गिऱ्हाईक परत येतं. मॅनेजर खूश झाला. मीही खूश झालो.

तिन्ही नळकांड्या मी पारखल्या त्या बंदुकीच्या मागे उभं राहून. बाजूला उभा राहून एकदाही नाही.

बाजूला कासमचाचा उभे राहायचे.

कासमचाचा श्रीवर्धनकडचे. उमेदीची वर्षं बोटीवर काढलेली, मग हे मैदान. गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताला पाऊलभर मागे उभं राहायचं, गोळ्या भरून द्यायच्या, बंदुकीचं तोंड कुठे वळतंय यावर डोळा ठेवायचा, हे त्यांचं काम. आमच्याकडे असे अकरा जण. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये पत्र्याची आडभिंत असते. ब्रेकने बाजूला फेकलेला आवाज त्या पत्र्यावर आपटतो आणि मधल्या माणसावर परत येतो. मधला माणूस म्हणजे आमचा माणूस.

कानांवर मफ्स, म्हणजे आवाज अडवणाऱ्या वाट्या, असायचे की, तुम्ही म्हणाल. असायचे. भिंतीवर तीन भाषांत पाटी आहे, दोन्ही कान झाका. पण आमच्याकडे एक रीत होती. डावीकडची वाटी सगळे थोडी मागे सरकवून ठेवायचे, कान अर्धा उघडा राहील अशी. डावीकडे गिऱ्हाईक असतं. ते हळू आवाजात म्हणतं, "रफीक, आणखी दहा." रफीक म्हणजे आमच्यापैकी कुणीही. त्याला दोनदा बोलायला लावलं की कपाळाला आठी पडते, आठीची तक्रार होते आणि तक्रार काउंटरवर येते. नव्या माणसाला ही रीत पहिल्याच दिवशी कळायची, कुणी शिकवायच्या आधी. बाकीच्यांकडे बघून तो आपणच वाटी सरकवायचा. ज्या बाजूला ब्रेक, नेमका त्याच बाजूचा कान उघडा.

चाचांना कान उघडा ठेवायला आणखी एक कारण होतं. सरावाच्या गोळ्यांत कधीतरी एखादी दारू कमी भरलेली निघते. तिचा आवाज दबका येतो, फुसका बार. गोळी नळीतच अडकते. झाडणाऱ्याला वाटतं बंदूक अडली, तो हाताने दांडी ओढून पुढची गोळी आत घेतो आणि झाडतो. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी जाऊन बसते, नळी फुगते किंवा फाटते. चाचा त्या सगळ्या गदारोळातून फुसका बार वेगळा ऐकायचे. ऐकला की "वग्गिफ!" असा आवाज द्यायचे, म्हणजे थांब, आणि गिऱ्हाइकाचं मनगट धरायचे. कुणाच्याही बाबतीत. एकदा एका मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं मनगट धरलं. तो भडकला. चाचांनी नळीत सळई घालून अडकलेली गोळी खाली पाडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"चाचा, ऐकू कसं येतं तुम्हाला?" मी विचारलं होतं.

"इंजिनाजवळ झोपलेला माणूस इंजिन बंद पडलं की जागा होतो, नाय? तसंच."

मजेची गिऱ्हाइकंही यायची. फिंतासला राहणारे एक पुण्याचे इंजिनियर ऑफिसच्या मंडळींबरोबर आले होते. त्यांनी काउंटरवर मला न्यूटनचा तिसरा नियम समजावला, वहीत बाण काढून दाखवले, ब्रेक धक्का नेमका किती टक्के कमी करतो ते विचारलं. मी होडीचं उदाहरण मराठीत दिलं, तर दचकलेच.

"अरे, तुम्ही मराठी? नाव नदीम वाचलं म्हणून... पण कमाल आहे, किती छान बोलता!"

"तुमचंही बरं आहे," मी म्हटलं.

ते मोठ्याने हसले. मी हसलो नाही. मग त्यांनी गोळ्या झाडल्या, परत आले आणि म्हणाले, "खांद्याला काही म्हणजे काही जाणवलं नाही हो! मग तो धक्का जातो कुठे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी तेव्हा म्हटलं, "बाजूला." आणि पुढच्या गिऱ्हाइकाची पावती फाडली.

धक्का कुठे जातो, ते मला महबूला भागातल्या आमच्या खोलीत कळलं. आम्ही सहा जण एका फ्लॅटमध्ये राहतो. चाचा फोनवर मुलीशी बोलताना फोन नेहमी डाव्या कानाला लावायचे. एके दिवशी बघतो तर उजव्या. दुसऱ्या दिवशीही उजव्या. मी डाव्या बाजूने "चाचा, चहा" म्हटलं तर उत्तर नाही. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाले, "कवाधरनं उभा हायस?"

"कान दुखतोय का?"

"दुखत नाय. आत रातकिडे बसलेत. बसू दे."

मी त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मैदानावर गेलो, टेकबहादूर नावाच्या आमच्या नेपाळी सोबत्याला बंदूक दिली आणि स्वतः चाचांच्या जागी उभा राहिलो, डावी वाटी सरकवून. त्याने पाचच गोळ्या झाडल्या. पहिल्या गोळीला माझ्या दाढा हलल्या. पाचव्या गोळीनंतर तो काहीतरी बोलत होता आणि मला फक्त त्याचे ओठ दिसत होते. ही माझी शिफारस. पट्टीने मोजून केलेली.

मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, ब्रेक काढू या, पेला बसवू या, आवाज पुढे जाईल. तो म्हणाला, "तूच लिहिलं होतंस ना, खांदा दुखत नाही? गिऱ्हाईक तेवढ्यासाठीच येतं." म्हटलं, माणसांचे कान जातायत. तो म्हणाला, "पुरावा?"

इथे माझ्यातला जुना रोग उफाळला. कॉलेजात असताना आमच्या खाडीत कारखान्याचं पाणी सोडायला लागले, मासे उलटे पडायला लागले, तेव्हा मी पत्रकं लिहायचो. सायकलवर वाटायचो. तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांनी एक नियम डोक्यात ठोकून बसवला होता: एक कागद, एक मागणी. दोन मागण्या लिहिल्या की समोरचा सोपी मागणी मान्य करतो, फोटो काढतो आणि अवघड तेवढी खाली पाडतो. हा नियम मी श्लोकासारखा पाठ केला होता.

कुवेतमध्ये पत्रक वाटायची सोय नाही, म्हणून त्याला विनंती अर्ज म्हटलं. आधी हिंदीत लिहिला, वर इंग्रजी. मागणी एकच: आम्हा सर्वांच्या कानांची तपासणी करा. माझा हिशेब सरळ होता. तपासणी झाली की पुरावा हातात येईल. पुरावा आला की ब्रेक ठेवायला तोंड राहणार नाही. अकराही जणांना खोलीत बोलावून वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांना पसंत पडला. चाचांनी मात्र कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि उलटसुलट करून पाहिला.

"आणि नापास झाला तर?"

"कोण?"

"मीच म्हण. तपासणीत नापास झालो तर काय, ते हितं लिवलंय काय?"

"चाचा, ते पुढच्या कागदात. एका कागदात दोन गोष्टी घातल्या की कागद ढिला पडतो."

"मना काय म्हाईत तुमच्या कागदांचं," चाचा म्हणाले. "मी आपला विचारलं." आणि सही केली. ते सगळ्यांत वयाने मोठे, म्हणून पहिली सही त्यांची. मग बाकीच्या दहा. दहा मिनिटांत काम झालं. टेकबहादूर म्हणाला, "भाई, आप तो वकील हो." मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

अर्ज मॅनेजरच्या खणात गेला आणि तिथेच पडून राहिला. मी आठवड्यातून एकदा विचारायचो. तो म्हणायचा, वर पाठवलाय.

मग तो गुरुवार आला. शुक्रवारच्या सुट्टीआधीची गर्दी, सगळ्या जागा भरलेल्या, चारही आखूड रायफली चालू. चाचा अबू फहद नावाच्या आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाजवळ उभे होते. सबाह अल-सालेमला राहणारा, गोड बोलणारा, येताना सगळ्यांना खजूर आणणारा माणूस. त्याच्या हातात लांब नळीची साधी रायफल होती. शेजारच्या जागेवर ब्रेकवाली चालली होती, पत्र्याला अगदी खेटून.

मी काचेच्या मागे काउंटरवर. काचेतून आवाज येतो तो सगळा सारखाच, भरभर कापूस पिंजल्यासारखा. पण मला दिसलं. अबू फहदने खटका ओढला आणि बंदूक हललीच नाही. खांदा जागच्या जागी. त्याने बंदूक खाली घेऊन पाहिली. फुसका बार. मी चाचांकडे पाहिलं, आता हात पुढे करतील म्हणून. चाचांनी हात पुढे केला. पण मनगट धरायला नाही. बंदूक अडली असं समजून त्यांनी मदतीला दांडी ओढली, नवी गोळी आत गेली आणि त्यांनी मान डोलावली. हो साहेब, चालू दे.

त्यांना तो आवाज आलाच नव्हता.

मी काचेवर दोन्ही हात आपटले. काच जाड आहे. दाराकडे धावलो, दार उघडलं, "वग्गिफ!" ओरडलो, आणि तेवढ्यात ती गोळी सुटली.

नळी फाटली नाही. अर्ध्यावर फुगली, अंडं गिळलेल्या सापासारखी. अबू फहदचा तळहात झिणझिणला, त्याने बंदूक टाकली. बस, एवढंच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चाचा खाली वाकून त्या फुगलेल्या नळीकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला आणि काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. आवाजात काही फरक पडतो का, ते बघत होते. आजूबाजूला गोळीबार चालूच होता.

अबू फहद बिचारा चांगला माणूस. त्याने तक्रार केली नाही. उलट मॅनेजरला म्हणाला, "कासिम थकलाय. त्याला आराम द्या." माणसं किती मायेने गळा कापतात!

शनिवारी मॅनेजरने मला बोलावलं. टेबलावर माझा अर्ज होता, अकरा सह्यांचा.

"तुमची मागणी मान्य झाली," तो म्हणाला.

मी वेड्यासारखा म्हणालो, "थँक यू, सर."

सोमवारी सकाळी गाडी आली. अकराही जणांना फिंतासच्या एका दवाखान्यात नेलं. एकेकाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, आवाज आला की बटण दाबायचं. चाचा बाहेर आल्यावर टेकबहादूरने विचारलं, "कैसा हुआ, चाचा?" चाचा म्हणाले, "मस्त हाय रे. इतक्या दिवसांत एवढी शांतता भेटली नव्हती."

सगळे हसले. चाचांच्या आधी आत गेलेले आणि नंतर जाणारे, सगळे.

चाचा एकटे नापास झाले नाहीत. आणखी चौघांचे डावे कान कमी-जास्त गेले होते. पण त्या चौघांच्या कागदावर 'सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे' असं आलं. चाचांच्या कागदावर आलं, या कामास अपात्र. अपात्र माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनी चालू ठेवत नाही. काम नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर विमान.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये दार न वाजवता घुसलो. म्हटलं, ज्या कामाने कान गेला त्याच कामाला अपात्र म्हणता? त्यांना काउंटरवर बसवा, गोदामात बसवा, माझी खुर्ची द्या. आणि ब्रेक? ब्रेकचं काय?

त्याने आवाज चढवला नाही. अर्ज फाइलमधून काढला आणि माझ्याकडे फिरवला. "यात ब्रेकबद्दल काही आहे? दुसऱ्या कामाबद्दल काही आहे? तपासणी मागितलीत, आम्ही केली. सुरक्षेचा प्रश्न आहे, गुरुवारी काय झालं ते तूच पाहिलंस. वर सगळ्यांनी तुझ्या अर्जाचं कौतुक केलंय."

खरोखर कौतुक केलं होतं. चाचांना परत पाठवायच्या फाइलीत पहिलं पान दवाखान्याचं होतं आणि दुसरं माझं. कारण म्हणून तेच जोडलं होतं, 'कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या विनंतीवरून'. त्या पानावर पहिली सही चाचांची.

जायच्या आदल्या दुपारी चाचा महबूलाच्या खोलीत बॅग भरत होते. मी त्यांच्या उजवीकडे जाऊन बसलो. म्हटलं, "चाचा, मी लेबर ऑफिसात जातो. मी दुसरा अर्ज—"

"नको."

"का नको?"

"माझं वय झालं, नदीम. आज ना उद्या जायचंच व्हतं." त्यांनी दोन शर्ट घडी करून ठेवले. "पोरगी खूश हाय. म्हणते, बाबा आता घरी ऱ्हातील."

"तुम्ही खूश आहात का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारणार, तोच म्हणाले, "मी तुला विचारलेला व्हता. नापास झालो तर काय. आठवतंय?"

"आठवतंय."

"बरं," ते म्हणाले, आणि चेन लावायला बॅगेवर गुडघा दिला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथे वाचकांना वाटेल की मी राजीनामा दिला असेल. दिला नाही. राजीनामा देऊन एक कान परत आला असता तर त्याच दिवशी दिला असता. मी काउंटरवरच आहे. चारही आखूड रायफलींवर अजून ब्रेकच आहेत. बाकीच्या रायफलींवर गिऱ्हाईक मागेल ते बसवून देतो. ते विचारतं, कुठला चांगला? मी सांगतो, ब्रेकने तुमचा खांदा वाचतो, कॉम्पेन्सेटरने तुमचा नेम राहतो आणि पेल्याने तुमच्या शेजारच्याचा कान वाचतो. लोक हसतात आणि ब्रेक मागतात. एकाने मात्र विचारलं, "शेजारी कोण?" मी बोट दाखवलं. त्याने मान वळवून पाहिलं, खरंच बराच वेळ पाहिलं, आणि ब्रेकच घेतला.

एक झालं. पाटीखाली आणखी एक पाटी लागली: एक कान उघडा आढळल्यास दंड. तो दंड आमच्याच माणसांना.

गेल्या महिन्यात मी दुसरा कागद लिहिला. यावेळी नियम मोडला, एका कागदात तीन मागण्या घातल्या. ब्रेक काढा. ज्याचा कान या कामात गेला त्याला दुसरं काम द्या. तो गेलेला कान त्याच्या विरोधात वापरू नका. रात्र रात्र घासून लिहिलेला नाही, एका बैठकीत लिहिला, कारण प्रत्येक वाक्य आधीच तोंडपाठ झालं होतं. आजवर लिहिलेल्यांत तो सगळ्यांत चांगला कागद आहे. शुक्रवारी जेवणं झाल्यावर खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी असलेले चौघेही होते.

एक जण भांडी उचलायला लागला. एकाने फोन काढला. मी पेन टेकबहादूरपुढे धरला. त्याने पेन घेतला, टोपण लावलं आणि माझ्या खिशात परत ठेवला, अगदी हळू, खिसा फाटू नये असा.

"भाई," तो म्हणाला, "पिछला वाला भी आपने अच्छा ही लिखा था."